क्यूओएस चालू करूनही कॉल तुटतोय? आधी रांग कुठे लागते ते शोधा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. प्लॅन १०० एमबीपीएसचा, स्पीड टेस्टला आकडा जवळपास पूर्ण येतो. दिवसा कॉल व्यवस्थित होतात; संध्याकाळी घरचे सगळे परतले की समोरचे म्हणायला लागतात, ‘आवाज तुटतोय, परत बोला.’ तुम्हाला मात्र त्यांचं बोलणं नीट ऐकू येतं. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कुणाची वाहतूक आधी सोडायची ते ठरवणारी सोय, चालू केलं, स्वतःच्या लॅपटॉपला सगळ्यात वरची प्रायॉरिटी दिली, तरी काडीचा फरक पडला नाही. आणि आता २०० चा प्लॅन घ्यावा का, असं विचारताय.

एवढ्यात घेऊ नका. गेली सोळा-सतरा वर्षं घरांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्क लावून देणं हाच माझा धंदा आहे, आणि याच तक्रारीवर मोठा प्लॅन घेऊन पस्तावलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: त्यांना तुमचा आवाज तुटतो, तुम्हाला त्यांचा नाही. म्हणजे येणारी वाट मोकळी आहे, जाणारी तुंबते. दुखणं अपलोडचं आहे. प्लॅनवर छापलेला १०० हा आकडा पुष्कळदा फक्त डाउनलोडचा असतो. काही लाइनवर अपलोडही तेवढाच मिळतो, काहींवर त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. तुमचा किती ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पुढे उदाहरणादाखल मी १० एमबीपीएस धरतो. डाउनलोड दुप्पट केलं म्हणून अपलोडही वाढेल असं नाही, हे प्लॅन बदलण्याआधी बघून घ्या.

आता कॉलला लागतं किती? जुन्या जी.७११ कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीत, नुसत्या आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. आवाज ज्या पॅकेटांतून, म्हणजे डेटाच्या छोट्या पाकिटांतून, जातो त्यांच्यावरचे पत्ते वगैरे धरून ८७ च्या आसपास. व्हिडिओ जोडला तरी बहुतेक वेळा एक ते चार एमबीपीएसमध्ये भागतं. १० च्या अपलोडमध्ये एवढी जागा सहज आहे. कॉलला जागा थोडी लागते, पण वेळ काटेकोर पाळावी लागते. तुमचं बोलणं साधारण २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवलं जातं, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. पलीकडचं ॲप थोडी वाट बघतं, पण एखादा तुकडा आपली पाळी उलटून गेल्यावर पोचला तर तो सरळ टाकून देतं, कारण तोवर वाक्य पुढे गेलेलं असतं. एखादं वेबपेज अर्धा सेकंद उशिरा उघडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कॉलमध्ये अर्धा सेकंद म्हणजे २५ तुकडे. आयटीयूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, जी.११४ या शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बोलणं सहज होतं, असं धरलेलं आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उशीर नेमका कुठे होतो हे समजलं की सेटिंग आपोआप कळतात. घरातल्या घरात वायफायवर शेकडो एमबीपीएस धावत असतात, बाहेर पडायची वाट मात्र १० ची. त्या अरुंद तोंडाशी मोडेम किंवा फायबरचा डबा असतो, आणि त्याच्या पोटात पॅकेट थांबवून ठेवायला बफर असतो. घरातला एखादा फोन फोटोंचा बॅकअप घ्यायला लागला की तो आपला वेग वाढवतच नेतो. पॅकेट गहाळ झालं की ‘अरे, फार झालं’ असं समजून मागे सरायचं, ही टीसीपीची, म्हणजे फाइली वगैरे पोचवणाऱ्या इंटरनेटच्या नियमावलीची, नेहमीची रीत. पण बफर मोठा असेल तर गहाळ काहीच होत नाही, नुसती रांग वाढत जाते. समजा बफर एक मेगाबाइटचा आहे. तो भरला की ८ मेगाबिट साठले, आणि १० च्या लाइनवर ते उपसायला ०.८ सेकंद लागणार. तुमच्या ‘हॅलो’चं पॅकेट या रांगेच्या शेपटीला उभं राहतं. १५० ची मर्यादा आणि इथे ८०० मिलिसेकंद! त्यात बफर काठोकाठ भरला की नंतर येईल ते पॅकेट फेकलं जातं. ते फोटोचं आहे की तुमच्या आवाजाचं, याची तिथे कुणी चौकशी करत नाही. या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांनी स्वतःच्या घरच्या लाइनवर याचा छडा लावला आणि मग हा शब्द रुळला.

असंच एक घर आठवतं. तक्रार तुमच्यासारखीच होती, फक्त ‘रोज साधारण एकाच वेळेला’ ही पुस्ती जोडलेली. मी लॅपटॉप केबलने राउटरला लावला आणि पिंग, म्हणजे एक छोटं पॅकेट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी आज्ञा, चालू करून बसलो. १४, १५, १४, १४. अर्धा तास काहीच घडेना. मग त्यांची मुलगी बाहेरून आली, फोन टेबलावर चार्जिंगला लावला आणि आत गेली. मिनिटभराने आकडे हलले. ९०, ३४०, मग सातशेच्या वर. मी फोनचं वायफाय बंद केलं, आकडा परत १५. घरमालक म्हणाले, ‘अहो, तो तर नुसता चार्जिंगला लावलाय!’ तेच तर कारण. वायफाय आणि चार्जर दोन्ही मिळाल्याशिवाय बरेच फोन बॅकअप सुरू करत नाहीत. दोन्ही एकदम मिळतात ते माणूस घरी आल्यावर.

तुम्हीही हेच करून बघा, राउटरच्या सेटिंगला हात लावण्याआधी. लॅपटॉप केबलने जोडा. एका खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर, उदाहरणार्थ ८.८.८.८ वर, सतत पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर. घर शांत असताना बाहेरचा आकडा टिपून घ्या. मग मुद्दाम एक मोठी फाइल क्लाउडवर चढवा. आकडा २० वरून ४० झाला तर ठीक. ३००-५०० झाला तर रोग सापडला. आता तीच चाचणी कॉल घेता त्या जागी बसून वायफायवर करा. वायफायवर राउटरचाच पिंग उड्या मारत असेल, तर भानगड घरातल्या हवेत आहे आणि पुढचं सगळं क्यूओएस पुराण तुम्हाला उपयोगाचं नाही. आणि घरातली बाकी सगळी उपकरणं बंद असताना, केबलवरसुद्धा संध्याकाळी बाहेरचा आकडा सैरभैर होत असेल, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. तिथे आपल्या राउटरची मात्रा चालत नाही. चार दिवसांच्या नोंदी वेळेसकट ठेवायच्या आणि तक्रार करायची.

आता तुमच्या क्यूओएसने काही का केलं नाही याकडे येतो. राउटर रांगेतली माणसं पुढेमागे करू शकतो, पण रांग त्याच्याकडे असेल तरच. तुमच्या राउटरला वाटतंय की पुढची वाट एक गिगाबिटची आहे, कारण मोडेमपर्यंतची केबल तेवढी आहे. म्हणून तो आलं पॅकेट की लगेच पुढे ढकलतो. त्याच्याकडे रांगच लागत नाही, मग प्रायॉरिटी कुणाला कुणाच्या पुढे देणार? रांग लागते ती पुढच्या डब्यात. घराच्या दारात तुम्हाला ‘आधी तुम्ही’ म्हणून मान मिळाला, पण खोळंबा पुढच्या नाक्यावर आहे आणि तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही.

म्हणून खरं काम करणारं सेटिंग प्रायॉरिटीच्या यादीत नसतं. ते त्याच पानावर वर कुठेतरी, ‘अपलोड बँडविड्थ’ अशा नावाच्या एका साध्या खान्यात असतं, आणि लोक तो खाना रिकामा किंवा आहे तसा सोडून देतात. तिथे तुमच्या खऱ्या अपलोडपेक्षा थोडा कमी आकडा टाकायचा. मी साधारण ८५ ते ९० टक्के टाकतो. मग राउटर स्वतःच सगळ्यात अरुंद जागा होतो, रांग त्याच्या ताब्यात येते, आणि मोडेमचा बफर जवळजवळ रिकामा राहतो. दहा-पंधरा टक्के वेग सोडून द्यायचा हे लोकांच्या जिवावर येतं, मला माहीत आहे. पण तो वेग तुम्हाला कॉलसाठी मिळतच नव्हता.

आकडा काढताना संध्याकाळी, केबलवर, घरातलं इतर काही चालू नसताना चार-पाच वेळा टेस्ट घ्या आणि त्यातला खालचा आकडा धरा. खालचा ९.४ आला तर मी ८.२ पासून सुरुवात करीन. काही राउटर हा आकडा स्वतःच मोजून भरतात. ही सोय मला फारशी आवडत नाही, कारण मोजतानाच कुणी काही चढवत असेल तर भलताच आकडा कायमचा बसतो. आणि एकक नीट वाचा. मी एकदा घाईत ८ टाकून ‘सेव्ह’ केलं. खाना केबीपीएसचा होता. मग अर्धा तास लाइन बंद पडली म्हणून कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसलो होतो. ८ एमबीपीएस म्हणजे तिथे ८००० लिहायचं.

हे केल्यावर पुन्हा तीच फाइल चढवा आणि पिंग बघा. आकडा शांत राहिला तर मर्यादा थोडी वर सरकवा. पिंग फुगायला लागला की एक पायरी खाली या आणि तिथेच थांबा.

यापुढचं सगळं तुमच्या राउटरच्या जातीवर अवलंबून आहे. मेनूत एसक्यूएम, ‘स्मार्ट क्यू’, एफक्यू-कोडेल किंवा केक असं काही दिसलं तर डोळे मिटून तेच निवडा, आणि प्रायॉरिटीची यादी विसरा. यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते आणि पाळीपाळीने एकेकाला सोडलं जातं. बॅकअपच्या रांगेत हजार पॅकेट असली तरी तुमच्या आवाजाचं एकुलतं एक पॅकेट आपल्या रांगेत पहिलंच असतं. कोडेलचा भाग कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्क संशोधकांनी २०१२ मध्ये मांडला. रांग किती लांब आहे हे तो मोजतच नाही. पॅकेट किती वेळ ताटकळलं ते बघतो. ताटकळणं १०० मिलिसेकंदभर सलग ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं की एखादं पॅकेट मुद्दाम टाकून पाठवणाऱ्याला ‘हळू’ असा इशारा देतो. केक हे त्याचंच पुढचं रूप, २०१८ पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे. ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर, टाकता येईल असा राउटर असेल तर हे फुकट मिळतं.

एक खोट मात्र आहे. असं चालू केलं की प्रत्येक पॅकेट प्रोसेसरच्या हातातून जातं, हार्डवेअरचा आडरस्ता बंद करावा लागतो. स्वस्त किंवा जुन्या राउटरवर ३०० ची लाइन १५० वर आलेली दिसली तर घाबरू नका, राउटरला दम लागलाय एवढंच. तुमचं दुखणं अपलोडचं असल्याने राउटर परवानगी देत असेल तर फक्त अपलोडलाच मर्यादा घाला. डाउनलोडची मर्यादा तशीही आडवळणाने काम करते: येणारं पॅकेट आधीच तुमच्या लाइनवरून आलेलं असतं, राउटर फक्त ते रोखून पाठवणाऱ्याचा वेग खाली आणू शकतो.

नुसती जुनी प्रायॉरिटीची यादीच असेल तरी मर्यादेचा आकडा टाकल्यावर तीही कामाला येते, पण जपून. पूर्ण लॅपटॉपला वर बसवलं की त्याच लॅपटॉपवरचा क्लाउड सिंकही वर बसतो. मग तुम्हीच तुमच्या वाटेत. फोनला वर बसवायचं तर आणखी एक गंमत: राउटर उपकरण ओळखतो ते त्याच्या मॅक पत्त्यावरून, आणि हल्लीचे फोन वायफायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात. तो कधी बदलला तर राउटरला तो नवखा फोन वाटतो आणि नियम वाऱ्यावर जातो. घरच्या नेटवर्कपुरतं ते फोनमध्ये बंद करा. पोर्टवरून, म्हणजे ॲप वापरतं त्या दारांच्या क्रमांकांवरून, नियम लावता येत असेल तर ते जास्त नेमकं: झूमसाठी यूडीपी (पोचल्याची खातरजमा न करता पॅकेट धाडायची रीत) ८८०१ ते ८८१०, टीम्ससाठी ३४७८ ते ३४८१, गूगल मीटसाठी ३४७८ आणि १९३०२ ते १९३०९. यूडीपीची वाट अडली तर ही ॲप ४४३ वरून टीसीपीने जातात आणि तेव्हा हे नियम त्यांना ओळखत नाहीत, हेही माहीत असू द्या. वरच्या पायरीवर एक-दोनच गोष्टी ठेवा. सगळेच पुढे, तर मागे कोण?

पॅकेटवर डीएससीपी ४६ किंवा ‘ईएफ’ नावाची, म्हणजे ‘याला आधी सोडा’ अशी, खूण लावा, असा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. घरातल्या घरात तिला अर्थ आहे. बाहेर, सार्वजनिक इंटरनेटवर, तिला कुणी मान देईल यावर विसंबू नका. पुष्कळ ठिकाणी ती पुसलीच जाते.

आता एक गोष्ट, जी विचारायचं मी स्वतःसुद्धा पूर्वी विसरत असे: तुमच्याकडे डबे किती आहेत? कंपनीने दिलेला एक, त्याच्या पुढे तुम्ही घेतलेला दुसरा, आणि वायफाय दोघांचंही चालू, अशी घरं खूप असतात. तुम्ही क्यूओएस लावलं दुसऱ्यावर, आणि घरातले बाकीचे फोन पहिल्याला चिकटलेले. तुमच्या राउटरला त्यांची वाहतूक दिसतसुद्धा नाही, तो काय आवरणार? पहिल्या डब्याचं वायफाय बंद करा, जमलं तर तो ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देईल, आणि सगळं घर एकाच राउटरमधून जाऊ द्या. तुमच्या वर्णनावरून मला हीही शक्यता बरीच वाटते.

वायफायबद्दल थोडक्यात. कॉलचं मशीन केबलवर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, विशेषतः ब्लूटूथ हेडसेट वापरत असाल तर, कारण ब्लूटूथही २.४ मध्येच नांदतं. डब्ल्यूएमएम हे सेटिंग बंद करू नका. हवेत आवाजाच्या पॅकेटला आधी बोलू देणारी सोय तीच आहे, आणि ती बंद केली की वायफाय ५४ एमबीपीएसच्या जुन्या वेगांवर उतरतं. टेबलावरचा आयपी फोन वापरत असाल आणि कॉल दर वेळी अर्ध्या मिनिटाच्या सुमारास कटत असेल, तर त्याचा रांगेशी संबंध नाही. राउटरमधलं ‘सिप एएलजी’, म्हणजे इंटरनेट फोनच्या पॅकेटांत राउटरने ढवळाढवळ करायचं सेटिंग, बंद करून बघा.

दोन परिस्थितींत माझं वरचं बरंचसं लागू पडणार नाही. सिमकार्डवर चालणारा ४जी किंवा ५जी राउटर असेल तर लाइनचा वेग तासातासाला बदलतो, एक ठरलेला आकडा त्याला बसत नाही. ओपनडब्ल्यूआरटीवर मर्यादा आपोआप खालीवर करणारी स्क्रिप्ट मिळते, पण तिला वेळ द्यावा लागतो. दुसरी म्हणजे अपलोड खरोखरच दोन एमबीपीएस असेल आणि घरात एकाच वेळी दोन व्हिडिओ कॉल चालत असतील. तिथे विहिरीतच पाणी नाही, तेव्हा प्लॅन बदला, पण बदलताना अपलोडचा आकडा लेखी विचारा.

आणि राउटरमध्ये वरचं काहीच नसेल तर रांग लावणाऱ्यालाच आवरायचं. क्लाउड सिंकच्या बऱ्याच ॲपमध्ये अपलोडचा वेग बांधून ठेवायची सोय असते, ती वापरा. घरात क्लाउडवर चित्रण चढवणारा कॅमेरा असेल तर त्याची गुणवत्ता एक पायरी कमी करा. तो दिवसरात्र काही ना काही चढवत असतो. फोनचे बॅकअप रात्री होऊ द्या.

आज संध्याकाळी कॉल नसेल तेव्हा पिंगची खिडकी उघडी ठेवून घरच्यांचे फोन एकेक करून चार्जिंगला लावा. कुठल्या फोनला आकडा उडाला ते, शिवाय शांत असतानाचा पिंग, चढवतानाचा पिंग आणि केबलवरचा अपलोड हे आकडे लिहा. राउटरचं मॉडेलही सांगा, म्हणजे तो बँडविड्थचा खाना त्याच्यात कुठल्या मेनूत दडलाय ते बघून सांगतो.